आई-बाळाच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्यांची दखल आपण इतकी उशिरा का घेतो?

नमस्कार मंडळी!

बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन आई दगावणं हे आजही जगभरातल्या मातामृत्यूंचं एक फार मोठं कारण आहे. हा रक्तस्राव आटोक्यात आणायला मदत करणारं एक औषध १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हाताशी आलं होतं. त्याचं नाव ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. ते शोधलं जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोने. उताकोबाई तेव्हा लहानग्या लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवायचा, हे त्यांच्या मनात होतं. पण प्रसूतितज्ज्ञांनी तशी चाचणी करून पाहावी म्हणून त्यांनी प्रयत्न केले, तर कुणी तयार होईना. औषध दुसरीकडे वापरात आलं. दात काढल्यावर, पाळीत जास्त अंगावर जातं तेव्हा, वगैरे.

बाळंतिणींवरची मोठी चाचणी, 'वुमन ट्रायल', तिचे निकाल आले एप्रिल २०१७ मध्ये. २१ देशांतल्या २० हजारांहून जास्त बायका तिच्यात होत्या. बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत औषध दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात, हे स्पष्ट दिसलं.

उताकोबाई एप्रिल २०१६ मध्ये गेल्या, वयाच्या ९८ व्या वर्षी. म्हणजे निकालाच्या एक वर्ष आधी.

आजचा विषय हाच. आई, बाळ आणि आयुष्याची पहिली काही वर्षं यांवर काम करणाऱ्या संशोधकांची दखल कोण घेतं, कधी घेतं आणि नेमकी कशाची घेतं? कुणाला बक्षीस मिळालं नाही म्हणून वाईट वाटून घ्यायला हा व्हिडिओ नाही. मला जास्त छळतं ते वेगळं आहे. संशोधकाचं कुणी ऐकत नाही तेव्हा त्याचा शोध पडून राहतो, आणि ती वर्षं बायका आणि बाळं भोगतात.

आता न्यूझीलंडला जाऊ. ग्रॅहॅम लिगिन्स हे ऑकलंडमधले प्रसूतितज्ज्ञ. कळा नेमक्या कशामुळे सुरू होतात, हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रयोग चालले होते मेंढ्यांवर. स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू इतकं आधी जन्मलं की त्याने श्वासच घ्यायला नको होता. फुप्फुसं त्या वयात उघडतच नाहीत. पण ते श्वास घेत होतं. पुष्कळांनी हा अपवाद म्हणून सोडून दिला असता. लिगिन्स मात्र तिथेच थांबले, कारण अपुऱ्या दिवसांची माणसाची बाळंही याच कारणाने दगावत होती.

मग बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांना बरोबर घेऊन त्यांनी २८२ आयांवर चाचणी केली. लवकर प्रसूती होणार अशी लक्षणं असलेल्या बाईला आधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतील. १९७२ मध्ये निकाल छापून आला. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतले मृत्यू इंजेक्शन न दिलेल्या गटात १५ टक्के, दिलेल्या गटात ३.२ टक्के.

हे आकडे पुन्हा एकदा वाचतो. १५. आणि ३.२.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून जगभर सुरू झालं असेल. नाही झालं. इतरांनी चाचण्या केल्या, त्यांतही फायदाच दिसत होता, पण एकेक चाचणी लहान, त्यामुळे एकेकटीने कुणाची खात्री पटेना.

[स्क्रीनवर: कॉक्रेनचं बोधचिन्ह]

हे चिन्ह नीट बघा. वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचं हे बोधचिन्ह. मधली उभी रेघ म्हणजे 'काहीच फरक नाही'. तिला छेदणाऱ्या किंवा तिच्या डावीकडे असलेल्या आडव्या रेघा म्हणजे याच स्टेरॉइडच्या एकेक चाचणीचा निकाल. बहुतेक रेघा उभ्या रेघेला शिवतात, म्हणून एकट्या बघितल्या तर ठामपणे काही सांगता येत नाही. आता खालचा छोटा चौकोनी ठिपका बघा. सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर आलेला हा निकाल, आणि तो रेघेच्या स्पष्ट डावीकडे आहे. म्हणजे इंजेक्शनने बाळं वाचतात. आयर्लंडच्या पॅट्रिशिया क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एकत्रीकरण करून दाखवलं. माहिती आधीच जमलेली होती, फक्त कुणी बेरीज केली नव्हती.

लिगिन्स यांना १९९१ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने डॉक्टरांना 'हे इंजेक्शन द्या' असं एकमुखाने सांगितलं १९९४ मध्ये. माणसाचा सन्मान आधी झाला आणि त्याचं काम नंतर स्वीकारलं गेलं! तोवर मूळ चाचणी छापून २२ वर्षं झाली होती. या मधल्या काळात जी बाळं गेली, त्यांचा विचार आला की मला शांत बसवत नाही.

बरं, गोष्ट इथे संपत नाही, आणि माझ्या मते पुढचा भाग सगळ्यांत कमी सांगितला जातो. २०१५ मध्ये सहा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. कमी साधनं असलेल्या ठिकाणी हेच इंजेक्शन सरसकट पोचवलं तर काय होतं, ते बघायला ती घेतली होती. अपेक्षित फायदा दिसला नाही, उलट नवजात बाळांचे मृत्यू थोडे वाढलेले दिसले. गरोदरपणाचे आठवडे अचूक माहीत नसतील, तर गरज नसलेल्या बायकांनाही इंजेक्शन जातं. शिवाय जन्मानंतर बाळाची काळजी घ्यायची सोय हवीच. मग जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत पुन्हा चाचणी घेतली, सोनोग्राफीने दिवस पक्के करून आणि बऱ्यापैकी सोय असलेल्या रुग्णालयांत. २०२० च्या निकालात मृत्यू पुन्हा कमी झालेले दिसले.

आता सांगा, 'थांबा, इथे असं देऊ नका' हे पुराव्यानिशी सांगणाऱ्यांना कोणतं पदक मिळतं? शोध लावणाऱ्याचं नाव राहतं. त्या शोधाच्या मर्यादा दाखवणाऱ्याचं राहत नाही. पण बाळं या दुसऱ्या कामानेही वाचतात.

आता थोडं मागे जाऊ. इंग्लंडमधला हर्टफर्डशायर परगणा, साल १९११. एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई तिथल्या सुइणींच्या आणि आरोग्यसेविकांच्या प्रमुख होत्या. त्यांच्या हाताखालच्या बायका घरोघर जाऊन बाळाचं जन्माचं वजन लिहायच्या, वर्षभर भेटी द्यायच्या, बाळ आईच्या दुधावर आहे की बाटलीवर ते नोंदवायच्या, आणि वर्षाचं झालं की पुन्हा वजन करायच्या. हे सगळं मोठाल्या वह्यांमध्ये उतरवलं जायचं.

काही दशकांनी साउथहॅम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी त्या वह्यांपर्यंत पोचले. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं, ते त्यांनी शोधून काढलं. १९८९ मध्ये निकाल आला. जन्माच्या वेळी आणि पहिल्या वर्षी ज्यांचं वजन सगळ्यांत कमी होतं, त्यांच्यातच हृदयविकाराने होणारे मृत्यू सगळ्यांत जास्त. साठीतल्या आजाराचं मूळ पोटातल्या दिवसांत आणि पाळण्यात असू शकतं, ही कल्पना तेव्हा अनेकांना पटली नव्हती. आज त्यावर एक अख्खी ज्ञानशाखा उभी आहे. तिची पहिली जागतिक परिषद २००१ मध्ये मुंबईत भरली होती.

या शाखेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे दोन मानाचे पुरस्कार आहेत. एक बार्कर यांच्या नावाचं पदक. दुसरा निक हेल्स यांच्या नावाचा, तरुण संशोधकांसाठी. हेल्स आणि बार्कर यांनी मिळून १९९२ मध्ये मांडलं की पोटात अन्न कमी पडलं तर शरीर काटकसरीने घडतं आणि त्यातून पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. तरुणांसाठी वेगळा पुरस्कार ठेवला हे मला मनापासून आवडतं. या क्षेत्रात प्रश्न विचारणं आणि उत्तर हाती येणं यांच्यात एक अख्खी पिढी जाते. पंचविशीत सुरू केलेल्या कामाला शाबासकी सत्तरीतच मिळणार असेल, तर मधे पैसा आणि पद कुठून येणार?

ब्राझीलचे सेझार व्हिक्टोरा बघा. पेलोतास शहरात १९८२ मध्ये जन्मलेल्या बाळांचा मागोवा त्यांच्या गटाने सोडला नाही. ही मुलं तिशीची झाल्यावर सुमारे साडेतीन हजार जणांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. ज्यांना जास्त महिने आईचं दूध मिळालं होतं, त्यांचे गुण सरासरीने जास्त होते. निकाल छापला २०१५ मध्ये. व्हिक्टोरांना कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला २०१७ मध्ये. तो मिळाला याचा आनंद आहेच. पण तीस वर्षं पत्ते शोधत दारोदार फिरणारी माणसं, आणि दर फेरीला दार उघडून 'या, बसा' म्हणणारी कुटुंबं नसती, तर त्या अभ्यासातलं एक अक्षरही लिहून झालं नसतं.

म्हणून मला वाटतं, पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी प्रशस्तिपत्रावर क्षेत्रकार्य करणाऱ्या गटाचंही नाव छापावं आणि बक्षिसाच्या रकमेतला काही वाटा नोंदी जपायला राखून ठेवावा. अभ्यास चालू ठेवायचा म्हणजे पगार द्यावे लागतात, नमुने थंड ठेवावे लागतात, जुन्या वह्या वाळवीपासून वाचवाव्या लागतात. हे खर्च कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून सगळ्यांत आधी कात्री त्यांनाच लागते.

तुमच्या माहितीत अशा नोंदी ठेवणारं, बाळांची वजनं करत घरोघर जाणारं कुणी असेल, तर ते काम कसं चालतं हे खाली लिहा. पुढचा व्हिडिओ त्याच कामावर करणार आहे.