काजू सरले की येते

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सकाळ, साडेसहा वाजलेत आणि काकी बादली घेऊन काजूत शिरल्यासुद्धा. रात्री पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेळेत नाही वेचले तर कुजतात, गुरं खातात, म्हणून मार्च ते मे ह्या घरात सकाळी कुणालाच फुरसत नाही. आणि सरकारी दवाखान्याची ओपीडी कधी? सकाळीच.

काकींना प्रेशर आहे. इथे बीपी फारसं कोण म्हणत नाही, प्रेशरच. वाळपईला तपासलं तेव्हा 170 वर 100 निघालं, 140 वर 90 झालं की वाढलेलं धरतात. गोळ्या फुकट मिळाल्या, महिनाभर घेतल्या, मग बंद. का, तर "दुखतं कुठे काय?"

ह्याला आळस म्हणू नका हं. ताप आला की अंग सांगतं, दात दुखला की झोप उडते, पण प्रेशर वर्षानुवर्षं गप्प राहून मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतं, आणि गोळी सोडली तरी दुसऱ्या दिवशी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, मग माणसाला वाटणारच ना की गरजच नव्हती.

त्यात ऐकीव गोष्टी. गोळी लागली की जन्मभर सुटत नाही, अमक्याला गोळी चालू असतानाच लकवा मारला. ॲम्लोडिपिन ह्या प्रेशरच्या गोळीने काहींचे पाय सुजतात हे मात्र खरंय, डॉक्टरला सांगितलं तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, पण मागे एवढी रांग उभी असताना सांगणार कोण? काकींनी नाही सांगितलं, गोळीच सोडली.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. इथे पावसाळ्याचं पुरुमेंत, साठवून ठेवलेलं खाणं, म्हणजे खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिठातले आंबे. काकींना मीठ कमी करा एवढंच सांगितलं, पेजेला तोंडाला काय लावायचं ते कुणी बोललंच नाही.

मला मनापासून वाटतं, काजूच्या दिवसात तरी तपासणी संध्याकाळी ठेवा, आणि प्रेशर आटोक्यात असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या.

देवाच्या फोटोमागे अजून अर्धी स्ट्रिप आहे. "डोकं गरगरलं तर घेते एक," काकी म्हणाल्या. आणि दवाखान्यात कधी जाणार?

"काजू सरूं दे रे बाबा, मग येते."