हातात धरायच्या संगणकाची स्क्रीन केवढी असावी?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याला अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा गेल्या दिवाळीत भुसावळला आला, तो एक प्रश्न घेऊनच. "मामा, गेम खेळायला हँडहेल्ड घ्यायचा आहे. सात इंची घेऊ की पावणेनऊ इंची?" संगणक आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला लगेच उत्तर देता येईल, अशी त्याची अपेक्षा होती. मी मात्र त्याच्याकडून सुट्टीचे चार दिवस मागून घेतले, कारण स्क्रीनचा आकार हा दिसायला एक आकडा असला तरी त्याच्यामागे डोळे, मनगट, बॅटरी, उन्हाळा आणि प्रवासाची पिशवी अशा अनेक गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. त्या चार दिवसांत आम्ही दोघांनी जे मोजले आणि पडताळले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

हँडहेल्ड म्हणजे दोन्ही हातांनी धरून खेळायचा छोटा, पण पूर्ण संगणक. मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या स्टिक आणि बटणे, आत बॅटरी आणि पंखा. हातात धरून खेळायची यंत्रे नवीन नाहीत. 1989 सालच्या गेम बॉयची स्क्रीन 2.6 इंचांची होती, 2004 साली आलेल्या प्लेस्टेशन पोर्टेबलची 4.3 इंचांची आणि 2017 सालच्या निन्टेन्डो स्विचची 6.2 इंचांची. 2022 मध्ये स्टीम डेक सात इंचांचा आला, पुढच्याच वर्षी त्याची ओलेड (म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा स्क्रीनची) आवृत्ती 7.4 इंचांची झाली आणि त्याच वर्षी लेनोव्होच्या लीजन गोने 8.8 इंच गाठले. स्क्रीन अशी वाढत गेली ती केवळ हौसेपोटी नव्हे. गेम बॉयसाठी जो खेळ लिहिला जाई, तो त्या इवल्या काचेवर दिसावा म्हणूनच लिहिला जाई. संगणकाचे खेळ मात्र टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरसाठी लिहिलेले असतात, आणि तेच जसेच्या तसे आपण तळहाताएवढ्या जागेत आणून बसवतो. खरी अडचण इथे सुरू होते.

तिच्याकडे वळण्यापूर्वी इंचांविषयी एक खुलासा करायला हवा. स्क्रीनचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, आणि म्हणून दोन वेगळ्या घडणीच्या स्क्रीनची तुलना नुसत्या इंचांवरून केली तर ती हमखास चुकते. भाच्याचे म्हणणे होते की त्याचा मोबाइलच 6.7 इंचांचा आहे, मग सात इंचांत वेगळे ते काय मिळणार? आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. त्याचा मोबाइल लांबट, वीसास नऊ या प्रमाणाचा. आडवा धरला की त्याच्या स्क्रीनची उंची जेमतेम सात सेंटिमीटर भरते. सोळास दहा प्रमाणाच्या सात इंची स्क्रीनची उंची साडेनऊ सेंटिमीटरच्या जवळ जाते. क्षेत्रफळ काढले तर मोबाइलचे सुमारे 108 चौरस सेंटिमीटर आणि हँडहेल्डचे सुमारे 142. तिरप्या मापात तीन दशांश इंचांचा फरक, पण प्रत्यक्ष दिसणाऱ्या जागेत जवळपास एक तृतीयांश वाढ. शिवाय मोबाइलवर खेळताना दोन्ही अंगठे काचेवरच असतात आणि त्यांच्याखालचा भाग झाकला जातो. हँडहेल्डवर बटणे बाहेर असल्याने सगळी काच डोळ्यांसाठी मोकळी राहते. पावणेनऊ इंचांपर्यंत गेलो तर क्षेत्रफळ 224 चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे सात इंचांच्या दीडपटीहूनही अधिक.

आता अक्षरांची अडचण. टेबलावरचा 24 इंची मॉनिटर आपण साधारण 60 सेंटिमीटरवरून पाहतो आणि हँडहेल्ड साधारण 35 सेंटिमीटरवर धरतो. यंत्र डोळ्यांच्या जवळ आले, तरी स्क्रीन त्याहून कितीतरी पटींनी लहान झालेली असते. त्यामुळे तोच खेळ सात इंचांवर लावला की त्यातले प्रत्येक अक्षर डोळ्यांना मॉनिटरवरच्या तुलनेत निम्म्या आकाराचे दिसते. लढाईचे दृश्य निम्मे झाले तर फारसे बिघडत नाही, धावणारा माणूस धावताना दिसतोच. पण ज्या खेळात राज्य चालवायचे असते, शेतीचा हिशेब ठेवायचा असतो, पात्रांचे लांबलचक संवाद वाचायचे असतात, तिथे निम्मे झालेले अक्षर तासाभरात डोळे शिणवते. स्टीम डेकच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीला हे ठाऊक होते, आणि म्हणूनच एखाद्या खेळाला डेकसाठी योग्य ठरवताना तिने अट घातली की 1280 गुणिले 800 पिक्सेलच्या, म्हणजे चित्राच्या ठिपक्यांच्या, स्क्रीनवर सर्वांत लहान अक्षराची उंचीही नऊ पिक्सेलपेक्षा कमी असू नये. सात इंचांवर नऊ पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटरच्या किंचित वर. चाळिशी ओलांडलेल्या श्रोत्यांनी हे माप डोळ्यांसमोर आणून पाहावे. माझ्या जवळच्या चष्म्याशिवाय मला ते वाचता आले नाही. भाच्याला सहज वाचता आले. पावणेनऊ इंचांवर तेच अक्षर मॉनिटरच्या 63 टक्क्यांपर्यंत येते, आणि हा लाभ खरा आहे, तो मी नाकारणार नाही.

पण ही अडचण स्क्रीन मोठी करूनच सुटते असे नाही. अनेक खेळांत अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय सेटिंगमध्येच असते, आणि ती न शोधताच स्क्रीन लहान पडल्याची तक्रार करणारी मुले माझ्याकडे येतात. यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्या आवडीच्या खेळात ही सोय आहे का, एवढे पाहून घेतले तरी निम्मा निर्णय होतो.

पिक्सेलविषयी दुकानात जे सांगितले जाते ते मात्र जरा सावधपणे ऐकावे. स्टीम डेकच्या स्क्रीनवर सुमारे दहा लाख पिक्सेल आहेत, एसूस कंपनीच्या सात इंचांच्याच आरओजी ॲलायवर त्याच्या दुप्पट आणि लीजन गोवर बरोबर चौपट. जास्त पिक्सेल म्हणजे जास्त चांगले, हे टेबलावरच्या यंत्राला बऱ्याच अंशी लागू पडते, कारण ते भिंतीतल्या विजेवर चालते. हातातल्या यंत्रात प्रत्येक पिक्सेल रंगवण्याची वीज बॅटरीतून जाते. सात इंचांवर दहा लाख पिक्सेल असले तर एकेक ठिपका एका मिलिमीटरच्या सुमारे आठव्या-नवव्या भागाएवढा होतो, आणि चांगल्या नजरेच्या माणसालाही 40 सेंटिमीटरवरून तो सुटा दिसणे कठीण. चौपट पिक्सेल असलेल्या यंत्रावरही जड खेळ चालवताना चित्राची घनता खाली आणावीच लागते, नाहीतर चाल अडखळते. मग जी घनता वापरायचीच नाही तिच्यासाठी पैसे का मोजायचे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणि आता वजन. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा कणा हाच आहे. ओलेड स्टीम डेक 640 ग्रॅमचा, आरओजी ॲलाय 608 ग्रॅमचा, आठ इंची एमएसआय क्लॉ सुमारे 795 ग्रॅमचा, तर लीजन गो दोन्ही बाजूंच्या कंट्रोलरसह 854 ग्रॅमचा. गंमत अशी की डेक आणि लीजन गो या दोघांची रुंदी जवळजवळ सारखीच, 30 सेंटिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे साधारण दीड वीत. तेव्हा मोठ्या स्क्रीनने रुंदी फार वाढवली असे नाही. वाढले ते वजन. दोनशे ग्रॅमचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. आपल्याकडे केळीच्या बागा आहेत, म्हणून त्याच भाषेत सांगतो: एका फणीतून चार-पाच केळी तोडून हातात घ्या, आणि मग त्यांत आणखी एक-दीड केळे घाला. नुसते उचलताना फरक जाणवत नाही. पण तेच ओझे कोपर कोठेही न टेकवता, अंगठे हलते ठेवून, अर्धा तास धरून पाहा.

आम्ही नेमके तेच केले. पुठ्ठ्याचे दोन खोके योग्य मापाचे कापले, घरच्या वजनकाट्यावर तूरडाळ तोलून एकात 640 ग्रॅम आणि दुसऱ्यात 854 ग्रॅम भरली, तोंडे चिकटपट्टीने बंद केली आणि भाच्याने ती दोन्ही आळीपाळीने धरून मोबाइलवर एक-एक क्रिकेटचा डाव पाहिला. पहिले खोके त्याने पाऊण तास धरले. दुसरे त्याने वीस मिनिटांनी मांडीवर ठेवले. मांडीवर ठेवले की मान खाली वाकते, यंत्र डोळ्यांपासून लांब जाते आणि ज्या मोठ्या अक्षरांसाठी मोठी स्क्रीन घेतली तीच अक्षरे पुन्हा लहान दिसू लागतात. यंत्र विकत घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग घरी करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. डाळ पुन्हा डब्यात जाते, खर्च काहीच होत नाही.

भाचा खेळणार कुठे, हाही प्रश्न होताच. खोलीवर त्याच्याकडे मॉनिटर आहे आणि ही सगळी यंत्रे एका केबलने मॉनिटरला किंवा टीव्हीला जोडता येतात. म्हणजे यंत्राची स्वतःची स्क्रीन लागणार ती प्रामुख्याने प्रवासात: पुणे ते भुसावळ रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर, नाहीतर आत्याकडे नंदुरबारला जाताना सुरतेच्या गाडीत खिडकीशी, आणि कधी एसटीत. वरच्या बर्थवर माणूस उताणा झोपून यंत्र चेहऱ्यावर धरतो. तिथे पाऊण किलोच्या पुढचे यंत्र हातून निसटण्याची भीती मला खरोखर वाटते. एसटीत टेकायला जागा नसते आणि रस्त्याचे हादरे मनगटावर येतात. लीजन गोला मागे टेकू आहे आणि त्याचे कंट्रोलर सुटे होतात, हा त्याचा मोठा गुण. पण टेकू लावायला सपाट, स्थिर जागा लागते आणि ती आपल्या स्लीपर डब्यात क्वचितच मिळते. विमानाने किंवा खुर्चीयानाने वारंवार जाणाऱ्या, समोर फळी मिळणाऱ्या माणसासाठी मी वेगळे उत्तर दिले असते.

खानदेशात राहणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा, आणि ती म्हणजे ऊन. 2022 च्या उन्हाळ्यात व्हॉल्व्हने सांगितले होते की भोवतालचे तापमान शून्य ते 35 अंशांच्या दरम्यान असताना स्टीम डेक सर्वांत चांगला चालतो. आपल्या भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. अशा हवेत पंखा आत घेतो तो गरम वारा, चिप स्वतःचा वेग कमी करते, आणि त्याच वेळी चार्जिंग चालू असेल तर लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. फुगलेल्या बॅटरी माझ्या टेबलावर उन्हाळ्यातच अधिक येतात. इथे मोठ्या यंत्राच्या बाजूने एक मुद्दा नोंदवायला हवा: मोठ्या खोक्यात पंखा मोठा बसतो आणि उष्णता पसरायला जागा मिळते. तरीही मेच्या दुपारी बिनवातानुकूलित डब्यात कोणतेच हँडहेल्ड चालवू नये, हेच बरे. खिडकीतल्या उजेडात स्क्रीन दिसेल की नाही, हे तिच्या आकारावर नव्हे तर प्रखरतेवर ठरते. ओलेड डेकची स्क्रीन जुन्या डेकहून स्पष्टपणे अधिक प्रखर आहे.

बॅटरीचे गणित सोपे आहे. पहिल्या डेकमध्ये 40 वॅट-तासांची बॅटरी होती, ओलेडमध्ये 50 ची. जड खेळात यंत्र एकूण 20 ते 25 वॅट घेत असेल, तर दोन तासांच्या आसपास सगळे संपते. रात्रभराच्या प्रवासाला पॉवर बँक आलीच, आणि 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेचे वजनही काही कमी नसते. यंत्र, त्याचा कडक कव्हर-डबा, चार्जर आणि पॉवर बँक मिळून पाठीवरचे ओझे एक किलोच्या बरेच वर जाते. खिशात मावणे हा निकष या यंत्रांना लावूच नये. कॉलेजच्या दप्तरात वह्यांशेजारी सपाट मावते का, एवढेच पाहावे.

भाच्याला मी सांगितले: सात ते साडेसात इंच, वजन 650 ग्रॅमच्या आत, सोळास दहा प्रमाण आणि बॅटरी 50 वॅट-तासांच्या जवळपास. त्याने 7.4 इंची घेतला. आठ इंचांचे 650 ग्रॅमचे यंत्र उद्या निघाले, तर माझे उत्तर मी आनंदाने बदलेन, कारण माझा आक्षेप काचेला नाही, भाराला आहे. ज्यांची नजर अधू आहे, किंवा जे मुख्यतः घरीच, गादीला टेकून, मांडीवर उशी घेऊन खेळतात, त्यांनी आठ-पावणेनऊ इंचांकडे जावे. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी कोणी विचारत असेल, तर यांपैकी काहीच घेऊ नये. त्या वयाच्या हाताची वीत दीड वितीच्या यंत्राला पुरत नाही, अंगठे स्टिकपर्यंत ताणावे लागतात. साडेपाच इंचांच्या स्क्रीनचा, 275 ग्रॅमचा स्विच लाइट त्याच्या हातात नीट बसतो, आणि त्यावरचे खेळही अशा हातात धरायच्या स्क्रीनचा विचार करूनच लिहिलेले असतात.

नमस्कार.