फरक नाही, हेही उत्तरच आहे

दोन गटांत खरंच फरक आहे का हे आकडेवारीने तपासलं, की स्क्रीनवर ही गोल चकती येते, बरीचशी लाल आणि थोडी पांढरी. लाल भाग ‘फरक आहे’ या बाजूचा, पांढरा ‘फरक नाही’ या बाजूचा. समजा हा पिझ्झा आहे, लाल म्हणजे सॉस, पांढरं म्हणजे चीज. आता डोळे मिटून कुठेही बोट खुपसायचं. बोटाला चीज लागलं तर किती आश्चर्य वाटेल? जितकं जास्त आश्चर्य, तितका लाल बाजूचा पुरावा भक्कम. इथे लाल तीन भाग, पांढरा एक भाग, म्हणजे बेझ फॅक्टर 3, एका बाजूचा पुरावा दुसरीच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा. तीन ऐकायला बरं वाटतं हो, पण चारातनं एकदा चीज लागणारच की!

ही चकती जॅस्प या सॉफ्टवेअरमधली आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात एरिक-यान वागेनमेकर्स यांच्या टीमने ते बनवलं, आणि ते अगदी फुकट आहे.

याची गरज का पडली? 2011 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी एका नावाजलेल्या जर्नलमध्ये 9 प्रयोग छापले, हजारावर लोकांवर केलेले, दावा असा की माणसाला भविष्याची चाहूल लागते, आणि 9 पैकी 8 प्रयोगांत पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली, म्हणजे रूढ नियमाने निकाल ‘सिग्निफिकंट’! वागेनमेकर्स आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा बेझियन पद्धतीने, म्हणजे बेझ फॅक्टर काढून तपासला तर पुरावा फारच तोकडा निघाला. पुढे 2015 मध्ये सायकॉलॉजीचे 100 अभ्यास परत करून बघितले, मूळ अभ्यासांत 97 टक्के सिग्निफिकंट होते, परत केल्यावर फक्त 36 टक्के.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पी व्हॅल्यू 0.30 आली की विद्यार्थी हिरमुसतो, कारण फरक खरंच नाही की डेटाच कमी पडला हे त्या आकड्यावरनं कळतच नाही. बेझ फॅक्टर ते वेगळं करून दाखवतो, चकती बरीचशी पांढरी झाली तर ‘फरक नाही’ याच्या बाजूने पुरावा आहे असं छातीठोकपणे लिहिता येतं, आणि अर्धी-अर्धी राहिली तर अजून डेटा गोळा करायचा.

हे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी 1930 च्या दशकातच मांडलं होतं, जॅस्पमधला ‘जे’ त्यांचाच. नंतर रिचर्ड मोरी आणि जेफ राउडर यांनी ‘आर’ या प्रोग्रॅमिंग भाषेत त्याचं पॅकेज केलं, पण कोड लिहायचा म्हटलं की निम्मे लोक तिथेच थांबतात. जॅस्पमध्ये नुसती टिक मारायची.

फक्त एक करा. टी-टेस्टला (दोन सरासरींची तुलना करणारी चाचणी) प्रायरची, म्हणजे फरक किती मोठा असेल याच्या आधीच्या अंदाजाची, रुंदी आपोआप 0.707 धरलेली असते, ती तशीच ठेवून पुढे जाऊ नका. खाली रोबस्टनेस चेकचा (रुंदी बदलली तरी निकाल टिकतो का ते बघण्याचा) चौकोन आहे, त्यावर टिक मारा, आणि रुंदी बदलत गेली की आलेखातली बेझ फॅक्टरची रेघ तिथल्या तिथेच राहते की घसरत जाते, हे नीट बघा.