दोन जीबीत डेबियन

(दृश्य: टेबलावर पालथा ठेवलेला लॅपटॉप. मागचं झाकण निघतं.)

झाकण उचललं की आधी दिसते ती बॅटरी. आतली बरीचशी जागा तिनेच घेतली आहे. मदरबोर्ड जेमतेम तळहाताएवढा. पंखा नाही. प्रोसेसरवर धातूचा पातळ पत्रा बसवलाय, उष्णता तोच पसरवतो. हार्ड डिस्क शोधू नका. ही नखाएवढी काळी चिप म्हणजे ईएमएमसी, ३२ जीबीची. हेच या लॅपटॉपचं स्टोरेज. शेजारच्या चिप्स म्हणजे रॅम, २ जीबी. दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेल्या. रॅम वाढवायला खाच नाही, स्टोरेज बदलायची सोय नाही. विकत घेताना जे मिळालं, तेच शेवटपर्यंत.

पत्र्याखाली आहे इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ. साल २०१४. चार कोर, वेग १.३३ गिगाहर्ट्झ, गरज पडली की १.८३ पर्यंत. मुळात टॅब्लेटच्या घराण्यातली ही चिप त्या काळात स्वस्त लॅपटॉपमध्येही सर्रास बसवली गेली.

विंडोज १० च्या आधाराची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. या लॅपटॉपकडे दोन्ही बरोबर निम्मं आहे. टीपीएम या सुरक्षा-चिपसारख्या पुढच्या अटी तपासायचीही गरज उरत नाही. कागदोपत्री हा लॅपटॉप बाद.

आम्हाला ते मान्य नाही. स्क्रीन शाबूत आहे, कीबोर्डची सगळी बटणं चालतात, बॅटरी चार्ज धरते. बाद झालाय तो यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा करार.

(दृश्य: झाकण पुन्हा बसतं. पेनड्राइव्ह लावला जातो. काळा पडदा, बूट मेनू.)

पेनड्राइव्हवर डेबियन आहे, विंडोजच्या जागी बसणारी खुली ऑपरेटिंग सिस्टीम. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आजही स्वयंसेवक चालवतात. त्याच्या पोटात लिनक्स कर्नल आहे, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा सिस्टीमचा गाभा. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते लिहायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुलं केलं. कोणीही वाचावं, बदलावं, बदललेलं पुढे द्यावं.

या मेनूपाशी बहुतेकांचं घोडं अडतं. पेनड्राइव्ह जागेवर आहे, पण यादीत त्याचं नावच येत नाही. मेख अशी की प्रोसेसर ६४-बिट आहे आणि त्याला जागं करणारं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय, मात्र ३२-बिट. लॅपटॉपसोबत आलेली विंडोज ८.१ ३२-बिट होती, म्हणून फर्मवेअरही तसंच. ते फक्त ३२-बिट बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, ओळखतं. समोर ६४-बिट बूटलोडर असला तरी त्याच्या लेखी तिथे काहीच नाही.

लिनक्स कर्नलमध्ये यावरचा तोडगा २०१४ साली, ३.१५ या आवृत्तीत आला. त्याला मिक्स्ड मोड म्हणतात. ६४-बिट कर्नल ३२-बिट फर्मवेअरशी बोलू लागलं. एप्रिल २०१५ मध्ये डेबियनची ‘जेसी’ आवृत्ती आली आणि या विजोड जोडीसाठी तिच्या इन्स्टॉलरमध्ये सोय झाली. पेनड्राइव्हमधलं बूटचं फोल्डर बघा. ‘बूटएक्स६४’च्या शेजारी ‘बूटआयए३२’ नावाची छोटीशी फाइल आहे. हा लॅपटॉप उघडतो तो तिच्यामुळे.

(दृश्य: इन्स्टॉलरचे पडदे. पार्टिशनची यादी.)

इन्स्टॉलर वायफाय मागतोय, आणि वायफाय सापडतंय. हा क्षण मुद्दाम पूर्ण लांबीचा ठेवलाय. वायफायची चिप चालायला तिचं फर्मवेअर लागतं, आणि ते बहुधा खुलं नसतं. डेबियनने अनेक वर्षं तत्त्व म्हणून अशा फाइली अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या. २०२२ मध्ये प्रकल्पात मतदान झालं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या आत आल्या. ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आणि एकच पेनड्राइव्ह आहे, त्याच्यासाठी हा निर्णय फार मोठा होता.

पार्टिशन, म्हणजे स्टोरेजचे भाग, करताना स्वॅपसाठी वेगळी जागा ठेवलेली नाही. रॅम कमी पडली की तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवायचा, हे स्वॅपचं काम. ईएमएमसीवर ते संथ चालतं, आणि सतत लिहून लिहून चिप झिजते. ही चिप बदलता येत नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. त्याऐवजी झेडरॅम. कमी लागणारा मजकूर दाबून, आवळून रॅममध्येच एका कोपऱ्यात ठेवायचा आणि मागितला की पुन्हा उलगडून द्यायचा. मजकूर साधारण दुपटी-तिपटीने आवळला जातो. त्यासाठी प्रोसेसरला थोडी मेहनत पडते, पण ईएमएमसीची वाट बघण्यापेक्षा ती केव्हाही परवडते.

डेस्कटॉप निवडलाय एलएक्सक्यूटी, हलका. नोम किंवा केडीई हे जड डेस्कटॉप इथे उतरवता येतील, पण मग रॅमचा मोठा वाटा डेस्कटॉपच खाईल. वापरणाऱ्याला डेस्कटॉप नको असतो, त्यावरचं काम हवं असतं.

(दृश्य: पहिलं लॉगिन. एचटॉपची खिडकी, हिरव्या पट्ट्या.)

एचटॉप रॅम आणि प्रोसेसरचा वापर दाखवतो. रॅमची पट्टी अर्ध्या जीबीच्या आसपास स्थिरावलीय. उरलेली रॅम मोकळी. प्रोसेसरच्या चारही पट्ट्या तळाला. मागे कुठलीही तपासणी चालू नाही, कोणी काही डाउनलोड करत नाहीये.

बूटच्या ओळीत आम्ही एक सूचना जोडलीय, ती पडद्यावर ठळक केली आहे. बे ट्रेल नावाने ओळखली जाणारी ही चिप लिनक्सवर अधूनमधून जागच्या जागी गोठायची. प्रोसेसर गाढ झोपेत गेला की परत उठायचा नाही. या एका तक्रारीवर कर्नलच्या नोंदवहीत वर्षानुवर्षं माणसं लिहीत राहिली. पुढे कर्नलमध्ये दुरुस्त्या झाल्या. तरीही एखादं मॉडेल गोठतच असेल, तर या सूचनेने प्रोसेसरला गाढ झोपेपासून रोखता येतं. बॅटरी थोडी लवकर उतरते.

(दृश्य: कर्नलचा सोर्स कोड. पडदा सावकाश वर सरकतो.)

आता हे जरा जवळून बघा. ही कर्नलमधली एक फाइल. काम एकच, बे ट्रेलच्या स्वस्त मशीनमधून आवाज काढणं. वर थोडा कोड आहे, आणि खाली लांबच लांब यादी. ओळीमागून ओळ. प्रत्येक नोंदीत एका मॉडेलचं नाव आणि त्याची कुंडली: माइक कुठल्या वाटेने जोडलाय, हेडफोन लावल्याची खबर कुठल्या पिनवर येते, स्पीकर दोन आहेत की एकच.

ही यादी लागते, कारण कारखान्यांनी तारा आपापल्या सोयीने जोडल्या आणि त्याची माहिती फर्मवेअरमध्ये धडपणे लिहिली नाही. विंडोजसाठी कंपनीने आपला ड्रायव्हर दिला, विषय संपला. लिनक्ससाठी कोणीतरी ते मॉडेल हातात घेऊन एकेक वाट तपासली, आणि जे सापडलं ते इथे लिहून ठेवलं.

यातल्या कितीतरी नोंदी हान्स द गूदे यांच्या आहेत. रेड हॅट कंपनीत असताना बे ट्रेल आणि त्यानंतरच्या चेरी ट्रेल चिपच्या मशीनवर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. आवाज, टचस्क्रीनची उलटसुलट दिशा, बॅटरी किती उरली याचा आकडा. मघाशी इन्स्टॉलरमध्ये सापडलेलं वायफाय आठवा. ती रिअलटेकची आरटीएल८७२३बीएस चिप. तिचा ड्रायव्हर बाहेर इकडेतिकडे पडलेला होता. २०१७ मध्ये, ४.१२ या आवृत्तीत, हान्स यांनी तो कर्नलमध्ये आणला, तोही ‘स्टेजिंग’ या कच्च्या ड्रायव्हरसाठी राखलेल्या विभागात. कच्चा असेल, पण तो तिथे आल्यामुळे प्रत्येक डिस्ट्रोपर्यंत, म्हणजे डेबियनसारख्या प्रत्येक लिनक्स सिस्टीमपर्यंत, पोचला.

रिअलटेकच्या वायफायची गोष्ट लॅरी फिंगर यांच्याशिवाय पुरी होत नाही. निवृत्तीच्या वयातला हा शास्त्रज्ञ कोणाच्याही पगारावर नसताना जवळपास वीस वर्षं वायरलेस ड्रायव्हर दुरुस्त करत राहिला. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले. स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स टाकून वायफायला जोडलेल्या असंख्य माणसांना त्यांचं नावही माहीत नसेल. आमच्या मते ते माहीत असायला हवं, म्हणून ही ओळ पडद्यावर थांबवली आहे.

(दृश्य: ब्राउझर. टॅब एकेक करून उघडतात.)

रोजच्या कामात सगळ्यात जड असतो तो ब्राउझर. तीन-चार टॅब आरामात चालतात. त्यापुढे झेडरॅमची पट्टी वर चढताना दिसते. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन इथे चैनीची गोष्ट नाही, त्याने प्रत्येक पान हलकं होतं. व्हिडिओचंही एक गणित आहे. एच.२६४ आणि व्हीपी९ या व्हिडिओ आवळून पाठवायच्या दोन पद्धती. ही चिप एच.२६४ स्वतः उलगडू शकते, व्हीपी९ नाही. व्हीपी९ आला की सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळतं. एच.२६४ च मागणारं एक्स्टेन्शन टाकलं आणि तोच व्हिडिओ आता ७२०पी मध्ये बघा. लिब्रेऑफिस उघडायला वेळ घेतं, उघडलं की लिहिणं सुरळीत.

डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण आधार मिळतो आणि पुढे दोन वर्षं दीर्घकालीन आधार. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यात हा एक लॅपटॉप गेला नाही.

(दृश्य: टर्मिनल. मॉडेलच्या नावाची ओळ.)

तुमच्याकडे असा लॅपटॉप असेल, तर आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालवून बघा. आतल्या स्टोरेजला हात लागत नाही. वायफाय, आवाज, ब्राइटनेस, झाकण मिटल्यावरची झोप, एवढं तपासा. आवाज येत नसेल तर तुमचं मॉडेल त्या यादीत नसण्याची शक्यता आहे. मग तीन गोष्टी गोळा करा: टर्मिनलमधल्या डीएमआयडीकोड या आज्ञेने दाखवलेलं मॉडेलचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि आवाजाच्या जोडणीची माहिती गोळा करणाऱ्या अल्सा-इन्फोचा अहवाल. फाइलच्या माथ्यावर ती लिहिणाऱ्यांचे पत्ते असतात, आणि मेंटेनर्स नावाच्या फाइलीत त्या विभागाची जबाबदारी कोणाकडे आहे तेही दिलेलं असतं. मेल साध्या मजकुरात पाठवा, आणि कुठला माइक चालतो, कुठला नाही, हे स्वतः तपासून त्यात लिहा.