घाटात उकळणारी पद्मिनी

(दृश्य: बॉनेट काढलेली गाडी, वरून)

प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची. कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिनाच्या खोलीत गंज दिसत नाही, कारण गंजावर काळा रंग आहे. कुणीतरी सरसकट ब्रश फिरवलाय. वायरींवर, रबरी होसवर, क्लिपांवरसुद्धा.

तक्रार एकच. घाट लागला की पाणी उकळतं. त्यावर आधी झालेला इलाजही समोर आहे. रेडिएटरपुढे तारेनं आवळलेला विजेचा पंखा. याची पुढची पायरी ठरलेली असते. मूळ पितळी रेडिएटर भंगारात, आणि त्या जागी दुसऱ्या कुठल्या गाडीचा ॲल्युमिनियमचा.

पण हेच १०८९ सीसीचं फियाटचं इंजिन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत भर मे महिन्यात दिवसभर चालायचं. कारखान्यानं दिलेल्या पंख्यावर आणि रेडिएटरवर. मग आता काय बिनसलं?

(दृश्य: ब्लॉकची बाजू, छिन्नी, हातोडी)

हे बघा. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या धडाच्या, कुशीतला कोअर प्लग निघाला, भोकावर ठोकलेलं पत्र्याचं झाकण. भोकातून पाणी येत नाही, गाळ येतो. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं, आणि आत वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं नाहीतर बोअरचं पाणी. बीड गंजलं, पाण्यातला क्षार त्यावर चढला, आणि सगळा राडा मागे, चौथ्या सिलिंडरभोवती जाऊन बसला. तिथं पाणी फिरतच नव्हतं. पुढे पंखे कितीही लावा.

तार, स्क्रू ड्रायव्हर, उलट्या बाजूनं पाण्याचा पाइप. लाल पाणी, तपकिरी पाणी, परत लाल. तिसऱ्या दिवशी स्वच्छ.

(दृश्य: झाळकामाचं दुकान, ज्योत)

रेडिएटर चाचांकडे. शिवणीवर ज्योत फिरते, झाळ चमकते, सुटते, आणि वरची टाकी अलगद हातात येते. खाली चपट्या नळ्यांच्या रांगा. निम्म्यांची तोंडं पांढरी, बुजलेली. आता एकेका नळीतून पातळ पट्टी घालायची. जोर केला तर नळी फाटते, नाही केला तर पट्टी पुढे सरकत नाही. आम्ही नळ्या मोजायला बसलो होतो. अर्ध्यावर सोडून दिलं. चाचांनी मोजल्याच नव्हत्या.

टाकी परत झाळली. तोंडं बंद करून आत हवा, आणि अख्खा रेडिएटर हौदात. बुडबुडे. वर काढला, झाळ, परत हौदात. एक बुडबुडा. परत झाळ.

(शांत. हौदातलं पाणी.)

हल्लीच्या रेडिएटरना प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्या झाळता येत नाहीत. त्यामुळे चाचांकडे काम कमी येतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, जागेवर नव्हताच. गरम होतंय म्हणून काढून टाकायचा, ही टॅक्सीवाल्यांची जुनी खोड. इंजिन मग थंडीत तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. नवा आणला, पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. उघडला. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग आणि सील बदललं.

इंजिनाच्या खोलीचा रंग पत्र्यापर्यंत खरवडला. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडनं चाळणी झाला होता, तेवढा नवा जोडला. मग रेड ऑक्साइड, आणि त्यावर गाडीचाच रंग. काळा नाही. कारखान्याची नंबरची पट्टी पुसून तशीच ठेवली.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सी म्हणून चालायची तिची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली.

(दृश्य: इंजिन चालू. वरच्या होसवर हात.)

होस गार आहे. अजून गार. पंप फिरतोय, पट्टा ताणलेला, पण थर्मोस्टॅट बंद. पाणी ब्लॉकमध्येच घुमतंय.

आता.

हात मागे आला. होस तापला. विजेचा पंखा मागे फळीवर पडलाय, तारेसकट.

क्लिपपाशी हिरव्या कूलंटचा एक थेंब. पाना द्या जरा.