कारवारची पुळण, त्याच जागेवरून

मित्रहो, बेळगावला समुद्र नाही, पण बेळगावच्या घराघरांत समुद्राचे फोटो आहेत. दिवाळीची सुट्टी लागली की वेंगुर्ला, मे महिन्यात कारवार, नाहीतर गोवा. मात्र जून ते नारळी पौर्णिमा या काळातला फोटो त्या अल्बममध्ये क्वचितच सापडेल. आपण किनारा पाहतो तो भरल्या अंगाचा. पावसाळ्यात त्याची काय गत होते, हे आपल्याला ठाऊकच नसतं. ते कळायचं तर जुने फोटो शोधावेत आणि त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो काढून ते ताडून पाहावेत.

कारवारची पुळण माझ्या जिवाभावाची. उत्तरेला काळी नदीचं मुख, पलीकडे सदाशिवगड, दक्षिणेला बैतखोलचं बंदर. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण रवींद्रनाथ टागोर इथे भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे, राहिले होते. सत्येंद्रनाथ तेव्हा इथे न्यायाधीश होते. आज हा किनारा रवींद्रनाथांच्याच नावानं ओळखला जातो.

जुलैत तिथे उभे राहा. मर्यादवेलीच्या, म्हणजे पुळणीवर पसरणाऱ्या वेलीच्या, खालची वाळू कापली जाऊन उभी दरड पडलेली असते, वेलीची मुळं उघडी लोंबत असतात. मे महिन्यात त्याच जागी मुलं क्रिकेट खेळतात. पावसाळी लाटा वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचा बांध रचतात. मग मोठ्या लाटा त्या बांधावरच फुटू लागतात आणि किनाऱ्यावरचा मारा कमी होतो. दिवाळीनंतरच्या संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे मेचा फोटो जुलैच्या फोटोशेजारी ठेवून ‘किनारा गेला’ म्हणणं हा किनाऱ्यावर अन्याय आहे. जुलै जुलैशीच ताडून पाहावा. सलग काही वर्षं मे महिन्यातही वाळू परतलेली दिसली नाही, तर मात्र काळजी करावी.

भरतीचंही तेच. पुळणीचा उतार चाळीसास एक असेल, तर पाणी अर्धा मीटर चढलं की काठ वीस मीटर आत येतो. एवढा फरक एका दुपारीसुद्धा पडतो. यावर कोकणातला जुना हिशेब कामी येतो: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, पण तीच तिथी आणि तीच वेळ धरली की पाणी साधारण त्याच पातळीला मिळतं. भिंतीवरचं कॅलेंडर पाहून निघा.

फोटो काढताना दर वेळी उभं राहायची जागा ठरलेली हवी, झूम करायचा नाही आणि चौकटीत न हलणारं काहीतरी हवं. मी सदाशिवगडाची टेकडी धरतो. माणसानं बांधलेल्याचा भरवसा नाही. काळीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला. सिडनीजवळच्या मॅनली किनाऱ्यावर २०१७ मध्ये मोबाईल टेकवायला एक पक्का स्टँड बसवला. येणारा-जाणारा त्यावरून फोटो काढून पाठवतो आणि त्यावरून काठ मोजतात. कारवारला असा स्टँड बसावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. काळीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं आहेत आणि नदीची वाळू धरणामागे अडते. आपल्या खानापूरला लागून असलेल्या जोयड्याच्या डोंगरांतून ही नदी येते. तिच्या मुखावर नजर ठेवणं हे आपलंही काम आहे.

काही किनारे तर आता टिपताच येत नाहीत. कारवारजवळ अरग्याला नौदलाचा तळ झाला, २००५ मध्ये ‘कदंब’ सुरू झाला. त्यासाठी गावं उठली. त्या घरांतल्या जुन्या फोटोंत मागे पुळण दिसत असेल, तर तो फोटो सोन्यासारखा जपा.

म्हणून सांगतो, घरचे अल्बम काढा. पाठीवर तारीख नसली तरी बिघडत नाही. कारवारच्या किनाऱ्यावर ठेवलेली ‘चापल’ युद्धनौका दिसत असेल तर फोटो २००५ नंतरचा, कारण त्याच वर्षी ती निवृत्त झाली. काळीवरचा जुना पूल उभा दिसला तर ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळण्याआधीचा. तेवढ्यानं भागलं नाही तर आजीला विचारा. कडेवरचं बाळ कोण, हे ती सांगेल आणि वर्ष निघेल. मागे बांधाचा दगड, झाड, पायरी असं काही दिसत असेल तर ते फोटो आधी बाजूला काढा. उभं राहायची जागा त्यावरूनच सापडते. चिकटवलेले फोटो मात्र उपटू नका. अल्बमसकट आणा, आपण पानंच स्कॅन करू.