खाण बंद झाली, पाणी वाहतंच आहे

(दृश्य: ओढ्याकाठचा ओला दगड, अगदी जवळून. आवाज फक्त पाण्याचा.)

हा दगड बघा. वरून नारिंगी, बुळबुळीत. नखाने खरवडलं की चिखलासारखा थर निघतो आणि खालचा करडा रंग दिसतो. हा थर लोखंडाचा. डोंगराच्या पोटात ते पाण्यात विरघळलेलं होतं. उजेडात आलं, हवा लागली आणि गंजून दगडावर बसलं.

ओढ्याचं नाव सिमेंट क्रीक. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, सिल्व्हर्टन या डोंगरातल्या गावापाशी तो ॲनिमस नदीला मिळतो. एकोणिसाव्या शतकात सोन्या-चांदीसाठी इथले डोंगर पोखरायला सुरुवात झाली. त्यातली सनीसाइड ही मोठी खाण १९९१ पर्यंत चालली. माणसं निघून गेली, बोगदे राहिले.

(दृश्य: बर्फाच्छादित उतार, मग खडकातली भेग.)

डोंगरात पाणी साठतं ते भेगांमध्ये. हिवाळ्यात पडलेलं बर्फ वितळतं, त्यातलं काही ओढ्याने निघून जातं आणि काही आत मुरतं. ते महिनोन्‌महिने, कधी कित्येक वर्षं झिरपत राहतं आणि शेवटी दरीच्या तळाशी, वाळू-गोट्यांच्या थरात उतरतं. पाऊस नसतानाही नदी वाहते ती याच पाण्यावर. विहिरीही यातच खोदलेल्या असतात.

आता खनिजाच्या शिरा कुठे सापडतात? याच भेगांमध्ये. म्हणजे खाणकामगार चांदीच्या मागे निघाला, तरी त्याचा बोगदा पाण्याच्या वाटेनेच गेला. आडवा बोगदा खणताना त्याला तोंडाकडे थोडा उतार देतात, म्हणजे आतलं पाणी आपोआप बाहेर पडतं. त्याने डोंगराची भूजल पातळी खाली जाते, आणि युगानुयुगं पाण्याखाली असलेल्या खडकाला पहिल्यांदा हवा लागते.

त्या खडकात पायराइट असतं, लोखंड आणि गंधकाचं संयुग. पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. काही सूक्ष्मजीव याच रासायनिक क्रियेवर जगतात आणि तिचा वेग कैक पटींनी वाढवतात. पुढे विरघळलेलं लोखंड स्वतःच उरलेल्या पायराइटला खाऊ लागतं. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत शास्त्रज्ञांनी मोजलेल्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्लतेचं माप, उणे ३.६ भरला. हा आकडा जितका कमी, तितकं पाणी आंबट. शून्याच्याही खाली!

हे आम्ल शेजारच्या खडकातून जस्त, तांबं, कॅडमियम, शिसं सोडवून घेतं. आणि इथे डोळे फसवतात. नारिंगी रंग लोखंडाचा. जस्ताला आणि कॅडमियमला रंग नाही. पुढे पाण्याचा आंबटपणा कमी झाला, लोखंड खाली बसलं, पाणी नितळ झालं, तरी जस्त त्यात विरघळलेलंच राहू शकतं. माणसाला जस्ताची फारशी बाधा होत नाही, पण ट्राउट मासा थोड्या प्रमाणानेही मरतो. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडावर घाला घालतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सिमेंट क्रीकच्या काठावर लोहयुक्त पाण्याने सांधलेले गोट्यांचे थर आहेत, हजारो वर्षांपूर्वीचे. म्हणजे खाणींच्या आधीही इथे आंबट पाणी झिरपत होतं. निसर्गाचं किती आणि माणसाचं किती, हा हिशेब मांडणं या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

(दृश्य: ओढ्यात एका नळीतून संथ धारेने पडणारं मिठाचं द्रावण.)

त्यासाठी संशोधक ओढ्याच्या वरच्या टोकाला ठरावीक वेगाने मिठाचं द्रावण सोडतात आणि खाली ठरावीक अंतरावर नमुने घेतात. एखाद्या टप्प्यात मीठ एकदम पातळ झालं, पण काठाला ओहोळ एकही मिळालेला दिसत नाही, तर समजायचं की तिथे जमिनीखालून पाणी आत आलं. त्या पाण्यात जस्त वाढलं असेल, तर माग त्या बाजूच्या डोंगराकडे जातो. मला ही पद्धत फार आवडते. न दिसणारं पाणी चिमूटभर मिठाने बोलतं होतं.

(दृश्य: काँक्रीटने बंद केलेलं बोगद्याचं तोंड.)

मग बोगद्याचं तोंडच बंद केलं तर? सनीसाइडच्या अमेरिकन टनेल या बोगद्यात १९९६ पासून काँक्रीटच्या जाड भिंती घातल्या गेल्या. मागे पाणी तुंबलं, डोंगरातली पातळी वर चढली. त्यानंतर शेजारच्या बोगद्यांतून पाणी जोरात वाहू लागलं. त्यातलाच एक गोल्ड किंग. ५ ऑगस्ट २०१५ रोजी तिथे केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचं पथक तोंडाशी साचलेला राडारोडा काढत होतं. आतलं पाणी दाबाखाली आहे याचा अंदाज चुकला आणि भराव फुटला. सुमारे १ कोटी १३ लाख लिटर पाणी खाली धावलं. ॲनिमस नदी मोहरीसारखी पिवळी झाली, आणि खालच्या नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या शेतकऱ्यांना कालव्यांची दारं बंद करावी लागली.

जगाने पाहिला तो एक दिवस. त्याआधी कित्येक वर्षं त्या खोऱ्यातल्या खाणी मिळून रोजच तसलं पाणी सोडत होत्या, याची बातमी मात्र क्वचितच झाली. मला याची खंत जास्त वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिमेंट क्रीकच्या काठी ग्लॅडस्टोन इथे शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. पाण्यात चुना मिसळायचा, आंबटपणा मारायचा, धातू गाळ होऊन खाली बसतात. पण तो गाळ ठेवायलाही जागा लागते. आणि डोंगरात पायराइट शिल्लक आहे तोवर चुना लागतच राहणार, म्हणजे कित्येक पिढ्या.

(दृश्य: दरीतली विहीर. दोन बाटल्या.)

दरीत ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी वर्षातून एकदाच पाणी तपासणं पुरेसं नाही. बर्फ वितळताना पाण्यात धातूंचं प्रमाण एक असतं, हिवाळ्याच्या शेवटी वेगळं. एक बाटली बारीक गाळणीतून गाळून भरायची, दुसरी न गाळता. दोन्हींत थोडं आम्ल टाकायचं, म्हणजे धातू बाटलीला आतून चिकटत नाहीत. झाकण घट्ट लावायचं. वर तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहायचं.